विष आणि उतारा

आंबणे ही क्रिया आमच्या घरोघरी इतकी नित्याची झाली आहे की तिच्याविषयी विचार करावा असे सहसा कोणास वाटत नाही. रात्री ज्वारीचे पीठ ताकात कालवून झाकून ठेवावे आणि सकाळी त्याची आंबील शिजवावी, डाळतांदूळ वाटून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या इडल्या व्हाव्यात, पाववाल्याने मळलेला गोळा पहाटेपर्यंत फुगून दुप्पट व्हावा, यांत नवल ते कसले? झाकण घातले की आमचे काम संपते. आतले काम आत चालते. ते काम करणाऱ्या जीवांविषयी आमची समजूतही मोठी सोज्ज्वळ असते. ते बिचारे पिठातले गोड तेवढे खातात, थोडी हवा सोडतात, थोडा आंबटपणा आणतात आणि आमच्या न्याहारीची सोय लावतात. एकत्र कुटुंबात कोणी नाव घेवो न घेवो, निमूटपणे राबणारी काही माणसे असतात, तशीच ही मंडळी असावीत असे आम्ही धरून चालतो.

या झाकणाखाली खरोखर काय चालते ते पाहू लागलेल्या शास्त्रज्ञांच्या हाती १९६३ साली एक विलक्षण गोष्ट आली. पाव फुगविणारे आणि मद्य आंबविणारे जे यीस्ट, ज्यास संस्कृतात किण्व म्हणतात, त्याच्या काही वाणांच्या पेशी इतर वाणांच्या शेजारी वाढू दिल्या असता त्या शेजाऱ्यांस ठार मारतात, असे बेव्हन आणि मॅकोवर या दोन संशोधकांस आढळून आले. त्यांनी यीस्टच्या वाणांचे तीन वर्ग केले: मारणारे, मरणारे, आणि जे स्वतः कोणास मारीत नाहीत परंतु मारकांच्या संगतीत मरतही नाहीत असे तटस्थ. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, मारणारा आणि मरणारा यांची जात एकच असते. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे शेजारी ठेवले तर खुनी कोण आणि बळी कोण हे रूपावरून ओळखता यावयाचे नाही. परक्याशी वैर ही गोष्ट जगात सर्वत्र आहे. परंतु एका ताटातल्या वाटेकऱ्यांच्या वैरास आमच्या भाषेने भाऊबंदकी असा स्वतंत्र शब्द दिला आहे, आणि पिठाच्या भांड्यातील या प्रकारास त्याहून चपखल शब्द आम्हांस तरी सुचत नाही.

बुरशीच्या विषाचे नाव काढताच वाचकांस पेनिसिलिन आठवेल, आणि ते साहजिकच आहे. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांस जे बुरशीपासून सापडले आणि ज्याच्या उत्पादनासाठी १९५४ साली आमच्या महाराष्ट्रात पिंपरी येथे सरकारी कारखाना स्थापन झाला, त्या औषधाचे ऋण ज्यावर नाही असे घर विरळा. परंतु पेनिसिलिन हा लहानसा रेणू असून तो जंतूंवर, म्हणजे बुरशीहून अगदी निराळ्या कुळातील जीवांवर चालतो. यीस्टचे हे विष प्रथिन आहे. डाळीत, दुधात व आमच्या स्नायूंत जो पदार्थ असतो त्याच जातीचे, अमिनो आम्लांच्या साखळीची विशिष्ट घडी घालून बनविलेले. घडी मोडली की त्याचा प्रभाव संपतो. या विषांतील सर्वांत अधिक अभ्यासिले गेलेले जे के१ नावाचे विष, ते साधारण ताकाइतक्या आंबट द्रवातच नीट काम करते, आणि पंचविसाहून अधिक अंश उष्णता त्यास फार वेळ सोसवत नाही. ज्या सोलापुरात वैशाखातला पारा चाळिसाच्या पुढे जाणे ही बातमी होत नाही, तेथे या विषाने उन्हाळ्यात फारसा पराक्रम गाजविण्याची आशा धरू नये. शिवाय उकळत्या आंबिलीत तर कोणतेच नाजूक प्रथिन आपली घडी राखू शकत नाही. तेव्हा हा लेख वाचून कोणी न्याहारी टाकून देऊ नये.

हे विष मारते कसे, हे पाहण्यासारखे आहे. यीस्टच्या पेशीभोवती एक जाड भिंत असते. के१ विष प्रथम त्या भिंतीतील ग्लुकान नावाच्या एका विशिष्ट शर्करासाखळीस चिकटते. तेथून ते आतल्या पातळ पडद्यापर्यंत पोहोचते आणि त्यास भोके पाडते. त्या भोकांवाटे पेशीतील पोटॅशियमचे क्षार आणि तिच्या कामास लागणारी शक्ती बाहेर गळून जाते आणि पेशी मरते. मातीच्या रांजणास तळाशी टोचे पाडावेत आणि पाणी ठिपकत राहून तो रिता व्हावा, तसा हा मृत्यू आहे. मनुष्याच्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून हे विष आमच्यावर चालत नाही. के२८ नावाचे दुसरे विष याहून धूर्त आहे. ते भोके पाडीत बसत नाही. पेशी बाहेरचे पदार्थ ज्या वाटेने आत घेते त्याच वाटेने ते आत शिरते. पेशीतून माल बाहेर धाडण्याचा जो राजमार्ग, त्यावरून उलट्या दिशेने चालत जाते. आणि अखेर पेशीच्या केंद्रापर्यंत पोहोचून तिचे विभाजनच थांबविते. दरोडेखोर आणि घरचा झालेला ठग यांत जो भेद, तोच या दोहोंत.

आता खरा प्रश्न पुढे येतो. विष बनविणारी पेशी शेजाऱ्यासारखीच आहे. तिलाही तीच भिंत आहे, तोच पडदा आहे. मग ती स्वतः का मरत नाही?

या प्रश्नाच्या उत्तरातच या विषयाचे सारे मर्म आहे. हे विष मुळी यीस्टच्या स्वतःच्या मालकीचे नाही. मारक यीस्टच्या पेशीत दोन विषाणू वस्ती करून असतात. एक मोठा, त्याजपाशी कवच बनविण्याचे व आपली नक्कल करण्याचे साहित्य असते. दुसरा त्याचा आश्रित. त्याजपाशी ना कवच ना नकलेची साधने, तो सर्वस्वी पहिल्याच्या जिवावर जगतो. पाहुण्याच्या घरी आलेला हा पाहुणा. परंतु विषाची कृती ठाऊक आहे ती या आश्रितासच. ही जोडी पेशीबाहेर पडून दुसऱ्या पेशीवर कधी चाल करीत नाही. पेशी दुभंगली की ती दोन्ही भागांत जाते, आणि दोन पेशींचा संयोग झाला की संततीत जाते. मारक आणि बळी यांचे लग्न लावले तर त्यांची मुले सगळीच्या सगळी मारक निपजतात. एखादे वतन वंशपरंपरेने चालत यावे तशी ही गोष्ट आहे.

आश्रित विषाणू जे प्रथिन लिहून देतो ते प्रथम लांबलचक व निरुपद्रवी असते. पेशी ते छाटून, कातरून, बाहेर सोडण्याजोगे विष बनविते. आणि नवल हे की, हे कच्चे, न छाटलेले प्रथिनच त्या पेशीस विषापासून वाचविते. के२८ च्या बाबतीत तर हे बरेच स्पष्ट झाले आहे: बाहेरून परत आत आलेल्या विषास हे कच्चे प्रथिन मिठी मारते आणि पेशी त्या जोडगोळीची विल्हेवाट लावते. म्हणजे विष आणि उतारा यांची दोन निराळी दुकाने नाहीत. एकाच लेखणीने एकाच कागदावर दोन्ही लिहिलेली आहेत.

याचा परिणाम काय होतो पाहा. मारक यीस्ट सदतीस ते चाळीस अंश उष्णतेत वाढविले, किंवा त्यास विशिष्ट औषध दिले, तर त्यातील आश्रित विषाणू नाहीसा होतो आणि पेशी रोगमुक्त होते. वैद्याने हर्ष मानावा असा हा प्रसंग. पाहुणा गेला, खर्च वाचला, पेशी धडधाकट आहे, नेहमीप्रमाणे वाढते आहे. परंतु तिला पुन्हा जुन्या बिऱ्हाडात नेऊन सोडा. कालपर्यंत जिच्या शेजारी ती निर्धास्त होती त्या सख्ख्या बहिणीचेच विष आज तिचा जीव घेते. विष गेले त्याच दिवशी उताराही गेला. मारक पेशीचा आश्रित तिला बलवान करतो असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः तो तिला ओलीस धरून असतो. तिने शस्त्र उचलले आहे हे खरे. पण ते खाली ठेवण्याची मोकळीक तिला उरलेली नाही.

या गुलामगिरीची किंमत किती मोठी असावी हे २०११ साली इनेस ड्रिनेनबर्ग, जेराल्ड फिंक, डेव्हिड बार्टेल व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनाने दिसून आले. पुष्कळ जीवांच्या पेशींत आरएनए-हस्तक्षेप नावाची एक व्यवस्था असते. तिला पेशीचा पहारेकरी म्हणता येईल. विषाणूंची दुहेरी आरएनए दिसली की हा पहारेकरी तिचे तुकडे करून टाकतो. पावाच्या यीस्टने हा पहारेकरी पूर्वीच कधी तरी गमावला आहे. त्याच्या काही नातलगांत तो अद्याप आहे. संशोधकांनी एका नातलगाकडील पहारेकरी उसना आणून पावाच्या यीस्टमध्ये बसविला, तेव्हा त्याने मारक विषाणूचा फडशा पाडला. अर्थात् विष गेले आणि अभयही गेले. मग त्यांनी निरनिराळ्या बुरश्या तपासल्या. जेथे पहारेकरी आहे तेथे मारक विषाणू नाही, आणि जेथे मारक विषाणू आहे तेथे पहारेकरी नाही, असा मेळ त्यांना आढळला. शेजाऱ्यास मारण्याचे साधन घरात ठेवावयाचे तर दाराशी पहारा ठेवता येत नाही, हा त्याचा साधा अर्थ.

येथवरची हकीकत परदेशच्या प्रयोगशाळांतली झाली. परंतु या कथेचे दुसरे टोक आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या मुख्य पिकापर्यंत येऊन पोहोचते, आणि म्हणूनच तिच्याविषयी लिहावेसे वाटले. हा जिल्हा ज्वारीचा. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारे उघडून लोकांस जगविले अशी कथा ज्या मंगळवेढ्याची सांगतात, तेथील काळ्या जमिनीतली मालदांडी आजही नावाजलेली आहे. मोहोळ येथे १९३० नंतरच्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेले एम ३५-१ हे वाण शेतकऱ्यांनी अद्याप सोडलेले नाही. या ज्वारीचा पिढ्यान् पिढ्यांचा वैरी म्हणजे काणी. काणी ही देखील बुरशीच. दाण्याची काणी असेल तर कणसात दाण्याऐवजी राखी पांढुरकी बोंडे येतात आणि ती फोडली की आत काजळासारखी भुकटी निघते. मळणीत ही बोंडे फुटतात, भुकटी चांगल्या दाण्यांस चिकटते, आणि पुढल्या वर्षी बियाण्याबरोबर शेतकरी आपल्या हाताने आपला वैरी पेरतो. रोप वर येते, हिरवे दिसते, आणि कणीस निसवेपर्यंत आतला घात कळत नाही. दुसरी एक काणी सबंध कणसाचाच ग्रास घेते आणि मागे नुसत्या काळ्या झिपऱ्या ठेवते. तिचे बीज जमिनीत दडून राहते.

आमच्या विद्वानांनी या शत्रूकडे फार पूर्वी लक्ष दिलेले आहे. मुंबई इलाख्यातील ज्वारीच्या काण्यांवर जी. एस. कुलकर्णी यांची पुस्तिका १९१८ साली पुशाच्या कृषिसंशोधन संस्थेकडून प्रसिद्ध झाली. पुढे बी. बी. मुंडकूर यांनी काणीच्या बुरश्यांच्या अभ्यासास वाहून घेतले, आणि १९५२ साली त्यांचा व थिरुमलाचार यांचा भारतातील काण्यांवरील ग्रंथ निघाला. दाण्याच्या काणीवर इलाजही साधाच आहे: पेरणीपूर्वी किलोभर बियाण्यास चार ग्रॅम गंधकाची बारीक भुकटी चोळावयाची. ज्या शेतकऱ्याने हे न चुकता केले त्याच्या शेतातून ही काणी बहुतेक हटली. झिपरीवर मात्र गंधकाचा उपाय चालत नाही, कारण तिचे बीज बियाण्यावर नसून मातीत असते.

ज्वारीच्या या झिपरी काणीची एक जवळची नातलग मक्यावर राहते. त्या मक्याच्या काणीतही काही वाण परस्परांस विष घालून मारतात, हे १९६८ साली पुहाला या संशोधकाने दाखविले. तेथेही तोच प्रकार आढळला: विष विषाणूचे, बळी स्वजातीचे. या विषांपैकी केपी४ हे पेशीतील कॅल्शियमची ये-जा अडवून तिची वाढ खुंटविते. आणि येथे एक मोठी बोलकी गोष्ट आहे. मक्याच्या काणीने आपला पहारेकरी गमावला आहे आणि तिच्याकडे मारक विषाणू आहेत. ज्वारीच्या झिपरी काणीने मात्र पहारेकरी राखला आहे. एकाच कुळातील दोन घरे, परंतु एकाने शस्त्र पत्करले आणि दुसऱ्याने पहारा. दोन्ही घरे आजवर नांदत आहेत. शस्त्रावाचून निभाव लागत नाही असे म्हणणारांनी हा दाखला अवश्य विचारात घ्यावा.

काट्याने काटा काढण्याची बुद्धी मनुष्यास होणे स्वाभाविकच होते. झ्यूरिखच्या शास्त्रज्ञांनी केपी४ चा लेख गव्हाच्या रोपात घातला, म्हणजे रोपानेच ते विष बनवावे आणि गव्हाच्या दुर्गंधी काणीस आत येऊ देऊ नये. हरितगृहात आणि शेतातही तो गहू पारखून पाहिला; काणी कमी झाली, पण नाहीशी झाली नाही. आम्हांस या प्रयत्नाचे कौतुक वाटते. मातीत दडलेल्या ज्या काणीवर गंधकाचा इलाज चालत नाही तिच्यावर असा काही उपाय पुढे निघाला तर आमच्या शेतकऱ्यास तो हवाच आहे. परंतु चार ग्रॅम गंधक शेतकऱ्याच्या मुठीत असते. ते चोळावे की न चोळावे हे तो दर हंगामी ठरवितो. रोपाच्या रक्तात घातलेले विष असे दर वर्षी ठरविता येत नाही. यीस्टच्या कथेने आम्हांस जे शिकविले ते हेच की, शस्त्र किती तीक्ष्ण आहे याबरोबरच ते खाली ठेवता येते की नाही, हेही शस्त्र उचलण्यापूर्वी पाहावे.

येथे आम्हांस आमच्या परिचयाचे एक घराणे आठवते. दोन चुलतघरांत शेताच्या बांधावरून दावा लागला, तो आता तिसऱ्या पिढीत आहे. ज्या पट्टीसाठी तो चालू आहे तिच्या उत्पन्नाहून वकिलांची बिदागी कितीतरी अधिक झाली, हे दोन्ही घरांतील माणसे स्वतःच हसत हसत सांगतात. मग दावा काढून का घेत नाही, असे विचारले असता दोघांचेही उत्तर एकच: आम्ही आज माघार घेतली तर उद्या ते उरलेले शेतही घेतील. दावा हेच त्यांचे विष आणि दावा हाच त्यांचा उतारा. मुलांच्या शिक्षणास जावयाचा पैसा त्यात जातो. पहारेकऱ्यास रजा देऊन घरात पाहुणा पोसणे चालले आहे. यीस्टशी त्यांची तुलना केली तर ते रागावतील. परंतु यीस्टपेक्षा त्यांची स्थिती एका बाबतीत बरी आहे. सबंध भांड्यातल्या पेशींनी एकाच दिवशी आपला विषाणू टाकून द्यावा असा करार यीस्टला करता येत नाही. माणसांना एका दिवशी, एका पारावर बसून तो करता येतो, आणि आमच्या गावोगावी तो झालेलाही आहे.

निसर्गातही हे खून सर्रास चालत नाहीत, हे सांगितले पाहिजे. यीस्टच्या वाणांत मारक थोडे असतात. जेथे पेशी विरळ आहेत तेथे सोडलेले विष वाहून जाते आणि ते बनविण्याचा खर्च मात्र अंगावर पडतो; जेथे दाटी आहे आणि ताटात थोडेच उरले आहे, तेथेच ते फळास येते.

आणि या विषाच्या अभ्यासातून जे निघाले ते पाहिले म्हणजे ज्ञानाच्या वाटा किती वाकड्या असतात याचा विस्मय वाटतो. १९७६ साली लायबोविट्झ आणि विकनर यांनी असे यीस्ट शोधले की ज्यांच्या पेशींत विषाणू होता, पण विष तयार होत नव्हते. त्यांतील काहींचा दोष शोधता शोधता केक्स२ नावाची एक कातरी सापडली. कच्चे प्रथिन छाटून विष तयार करते ती हीच. चमत्कार असा की, यीस्टच्या एका लिंगाच्या पेशी जोडीदारास बोलाविण्यासाठी जो संकेत सोडतात तोही हीच कातरी छाटते. शत्रूसाठी विष आणि वधूसाठी निरोप, दोन्ही एकाच कातरीखालून जातात. पुढे मनुष्याच्या देहातही याच कुळातल्या कातऱ्या आढळल्या, आणि स्वादुपिंडात कच्च्या प्रथिनापासून इन्शुलिन कातरून काढण्याचे काम त्यांतीलच काही करतात असे कळून आले. इतकेच नव्हे, तर औषध म्हणून मिळणारे इन्शुलिन पुष्कळसे यीस्टकडून करवून घेतात, आणि त्या कामी यीस्टची ही जुनी कातरीच उपयोगी पडते.

आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या माणसास रोज जेवणापूर्वी इन्शुलिन टोचावे लागते. त्या लहानशा कुपीकडे पाहताना ती हिंस्र भाऊबंदकी आठवते खरी, परंतु तिरस्कार मात्र वाटत नाही. कातरीस शत्रू नाही आणि मित्रही नाही. तिच्यापुढे जे प्रथिन येईल ते ती छाटते. विषाणूने तिच्यापुढे विष ठेवले, मनुष्याने औषध ठेवले. ज्या पेशीचे हे सारे आहे तिला यातले काही निवडता आले नाही. ते आम्हांस आले, आणि त्यामुळे त्या घरात आज जेवणाचे ताट वाढता येते.